जुळवून घेण्याचे ओझे एकट्या मुलावर नको : महाड-पोलादपूरच्या स्थलांतरित कुटुंबांसाठी

एका समाजाची भाषा, चालीरीती आणि अपेक्षा यांत वाढलेली व्यक्ती दुसऱ्या समाजात राहू लागली, की तिच्या बोलण्यावागण्यात, सवयींत आणि स्वतःविषयीच्या कल्पनेत हळूहळू जे फेरबदल होतात, त्यांना सांस्कृतिक समायोजन म्हणतात. या विषयाची चर्चा बहुधा अमेरिका, इंग्लंड किंवा कॅनडा येथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांच्या संदर्भात होते. परंतु ज्या भागातून माणसे कित्येक पिढ्या पोटासाठी बाहेर जात राहिली आणि ज्या भागात आता बाहेरची माणसेही कामासाठी येऊन राहू लागली, त्या रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हा प्रश्न परदेशातला नसून घरोघरीचा आहे, इतकेच की त्याला तिथे कोणी या नावाने ओळखत नाही. मूल गप्प झाले, चिडचिडे झाले, शाळेला जाण्याच्या वेळी त्याचे पोट दुखू लागले, तर ते हवापाण्याचे, वयाचे किंवा लाडावल्याचे लक्षण मानले जाते आणि त्यामागे एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याचा ताण असू शकतो, हे ध्यानात येत नाही.

या दोन तालुक्यांतील स्थलांतराचे प्रवाह वेगवेगळे आहेत. सर्वांत जुना प्रवाह मुंबईचा. भातशेती आणि वरकस जमीन यांवर वर्षभर भागत नसल्याने इथले पुरुष लालबाग-परळच्या गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत आणि लहानमोठ्या नोकऱ्यांत गेले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या आणि पुढल्या काळात ही कुटुंबे डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार अशा उपनगरांत पांगली, तरी त्यांचे नाव रेशनकार्डापेक्षा गावच्या मंडळाच्या वहीत अधिक पक्के राहिले. दुसरा प्रवाह आखाती देशांचा. सावित्रीच्या खाडीकाठच्या दासगाव, वहूर, टोळ यांसारख्या गावांतील कोकणी मुस्लिम कुटुंबांतून १९७० च्या दशकात तेलाच्या भाववाढीनंतर कुवेत, सौदी अरेबिया, ओमान, कतार आणि संयुक्त अरब अमिरातीत जाणाऱ्यांची संख्या वाढली. तिसरा प्रवाह उलट दिशेचा आहे, तो उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून महाडच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगारांचा. याशिवाय कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची शाळा दर वर्षी मध्येच तुटते, आणि त्यांच्या बाबतीत समायोजनाच्या आधी पोटाचा व हजेरीचाच प्रश्न उभा असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणेच करायला हवा.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी समायोजनाच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत. मूळची संस्कृती सोडून नवी सर्वस्वी स्वीकारणे हे सात्मीकरण. नवीला लांब ठेवून मूळचीच धरून राहणे ही विलगता. दोहोंशी नाते राखणे हा समन्वय. आणि दोहोंकडून तुटणे हे सीमान्तीकरण. यांपैकी समन्वय साधलेल्या मुलांचे मानसिक स्वास्थ्य सामान्यतः अधिक चांगले राहते आणि दोन्हीकडून तुटलेल्यांचे सर्वाधिक बिघडते, असे या क्षेत्रातील अभ्यासांतून बऱ्याच प्रमाणात दिसून आले आहे. मात्र ही विभागणी वाचताना एक गैरसमज होण्याचा संभव असतो, तो असा की या चारांतून निवड करणे हे त्या व्यक्तीच्या हाती आहे. बेरी यांनीच पुढे स्पष्ट केल्याप्रमाणे, नवा समाज मोकळ्या मनाने सामावून घ्यायला तयार असेल तरच समन्वय शक्य होतो. आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती तर निवड जवळजवळ नसतेच. कुठे राहायचे, कोणत्या माध्यमात शिकायचे, कोणाच्या घरी राहायचे, हे मोठ्यांनी ठरवलेले असते आणि नंतर ‘आता जमवून घे’ एवढाच निरोप मुलाला मिळतो. म्हणून या लेखातील सर्व सूचना एकाच भूमिकेतून केल्या आहेत: जुळवून घेण्याचे काम घर, शाळा आणि गाव यांनी वाटून घ्यायचे असते, आणि ते एकट्या मुलावर पडले की त्याचे रूपांतर आजारात होण्याची शक्यता वाढते.

आखातातून परतलेल्या मुलांचा प्रश्न इथे सर्वांत कमी बोलला जातो. आखाती देशांत परदेशी कामगाराच्या मुलाला तेथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. त्याचे राहणे वडिलांच्या नोकरीशी आणि निवासाच्या परवान्याशी, म्हणजे इकाम्याशी बांधलेले असते. त्यामुळे अमेरिकेतल्या भारतीय मुलाला जो प्रश्न पडतो, की आपण इथलेच का, तो आखातातील मुलापुढे कायद्याने आधीच निकालात काढलेला असतो: परतायचे आहे, फक्त कधी ते माहीत नाही. हे परतणे बहुधा अचानक होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले आणि त्या वेळी जी मुले शाळेत होती ती आज स्वतः पालक आहेत. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि ते वर्षागणिक वाढवत २०२० मध्ये ४०० रियालांपर्यंत नेले, तेव्हा बायकामुलांना गावी पाठवून एकट्याने राहणे अनेक कामगारांना भाग पडले. मे २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘वंदे भारत’ मोहिमेतून आलेल्यांत नोकरी गेलेलेही पुष्कळ होते. कारण कोणतेही असो, मुलाच्या दृष्टीने घडते ते एकच: त्याची खोली, वर्ग, मित्र आणि बहुतेक वेळा वडील, हे सारे एका विमानप्रवासात मागे राहते.

अशा मुलाला गाव अनोळखी नसते, पण त्याने पाहिलेले गाव सुट्टीतले असते. दोन वर्षांतून एकदा येणे, आंबे, पाहुणचार, कौतुक आणि परत जाण्याची तारीख, अशी त्याची ओळख असते. म्हणून परतल्यावरचे पहिले दोनतीन महिने बरे जातात आणि घरच्यांना वाटते की मूल रुळले. खरी अडचण पाऊस लागल्यावर आणि शाळा सुरू झाल्यावर दिसू लागते, कारण तेव्हा त्याला पहिल्यांदा उमगते की या खेपेला परत जाण्याची तारीख नाही. नव्या ठिकाणी जाणाऱ्यांचे मन आधी हरखते, मग खचते आणि त्यानंतर हळूहळू सावरते, असे निरीक्षण स्थलांतराच्या अभ्यासकांनी १९५० च्या दशकापासून नोंदवले आहे. सर्वांच्याच बाबतीत ते लागू पडत नाही, तरी परतलेल्या मुलाचा सहावा महिना पहिल्या महिन्यापेक्षा अवघड जाऊ शकतो एवढे तरी पालकांनी त्यावरून जाणून ठेवावे. त्यात महाडचा पावसाळा हा स्वतंत्र अनुभव आहे. सलग आठवडाभर न थांबणारा पाऊस, वीज जाणे, सावित्री-गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरल्याच्या आठवणी, आणि जुलै २००५ व जुलै २०२१ मधील दरडींविषयी मोठ्यांचे बोलणे, हे सारे कोरड्या मुलखात वाढलेल्या मुलाला भीतीदायक वाटले तर त्यात भित्रेपणा नाही. ‘आम्ही लहानपणापासून बघतो’ असे म्हणून ती भीती झटकण्यापेक्षा पाणी चढले तर आपण कुठे जातो, सामान कुठे ठेवतो, कोणाला फोन करतो, हे त्याला सोबत नेऊन दाखवावे.

परतणे ठरले असेल आणि थोडा अवधी हाती असेल, तर तो कागदपत्रांइतकाच मुलासाठीही वापरावा. ‘सुट्टीला चाललो आहोत’ असे सांगून मुलाला आणणे ही फार आढळणारी आणि फार महागात पडणारी चूक आहे. मुलाला खरे कळते तेव्हा त्याचा राग गावावर निघतो आणि मोठ्यांच्या शब्दावरचा विश्वास जातो. शक्य असल्यास मित्रांचा आणि शिक्षकांचा रीतसर निरोप घेऊ द्यावा, काही वस्तू त्याच्या निवडीने बरोबर आणाव्यात आणि जुन्या मित्रांशी बोलणे चालू राहू द्यावे. आखातातील सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि रायगडमधील राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात. मार्च संपताना परतलेल्या मुलाला त्यामुळे अडीच महिने मोकळे मिळतात. हा काळ शिकवण्या लावून भरून टाकण्यापेक्षा त्याने शाळेची वाट, एसटीची वेळ, बाजारातला व्यवहार आणि शेजारची दोनतीन मुले ओळखीची करून घेण्यात घालवावा.

भाषेच्या बाबतीत पालक आणि शिक्षक दोघांचीही एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला आहे: खेळताना, दुकानात, शेजारी बोलण्यापुरती नवी भाषा मूल साधारणतः दोन वर्षांत आत्मसात करते, परंतु इतिहासाचा धडा समजून उत्तर लिहिणे किंवा गणितातले शाब्दिक उदाहरण सोडवणे यासाठी लागणारी भाषा बरोबरीच्या मुलांइतकी पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. घरी कोकणी बोली, शाळेत इंग्रजी आणि मैदानावर हिंदी-उर्दू असे वाढलेले मूल वर्षभरात फाडफाड मराठी बोलू लागते आणि परीक्षेत मात्र मागे पडते, तेव्हा ‘बोलता तर येते, मग लिहायचा आळस’ असा निष्कर्ष काढला जातो. तो अन्यायाचा असतो. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे, त्यामुळे इंग्रजी किंवा उर्दू माध्यम निवडले तरी मराठीला सामोरे जावेच लागते. वर्गाच्या पुस्तकाआधी दोन इयत्ता खालच्या पुस्तकापासून, कोणाला न दिसेल अशा रीतीने, घरच्या घरी सुरुवात केल्यास मुलाचा मान राहतो आणि पायाही होतो. नववी-दहावीत माध्यम बदलणे मात्र टाळता येईल तितके टाळावे. आणि मराठी सुधारावी म्हणून घरातली कोकणी बोली किंवा कामगार कुटुंबातली भोजपुरी बंद करण्याची गरज नाही. ज्या भाषेत मूल रडते आणि भांडते ती हिरावून घेतली, तर नवी भाषा येईपर्यंत त्याला मनातले सांगायला जागाच उरत नाही.

नव्या भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे, कधी काही महिने, अजिबात बोलत नाही. भाषा शिकण्यातला हा मूक टप्पा मानला जातो आणि त्या काळात मूल ऐकून शब्द साठवत असते, त्यामुळे त्याला सर्वांसमोर उभे करून बोलायला लावणे हानिकारक ठरते. याहून वेगळी अवस्था निवडक मौनाची असते, जीत मूल भाषा येत असूनही ठरावीक ठिकाणी चिंतेमुळे बोलू शकत नाही. फरक ओळखण्याची सोपी रीत अशी, की घरी आपल्या भाषेत ते पूर्वीसारखे बोलते, हसते, भांडते का ते पाहावे. घरचे बोलणेही आटले असेल, किंवा नवी भाषा समजू लागूनही शाळेतले मौन सुटत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवावे.

शाळेत प्रवेश घेताना बाहेरून आलेल्या पालकांची फार धावपळ होते आणि ती मुलासमोरच होते. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसवायचे असते आणि तो मागे असेल तर त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क असतो. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. भाषा येत नाही म्हणून दोन इयत्ता खाली बसवण्याचा सल्ला सद्भावनेने दिला जातो, पण अकरा वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांच्या मुलांत बसवल्याने भाषा लवकर येत नाही आणि लाज मात्र रोजची होते. वर्गशिक्षकांनी करण्यासारखे जे आहे त्याला खर्च नाही: नाव नीट उच्चारावे, दोन भाषा येणारा एखादा समंजस मुलगा किंवा मुलगी पहिल्या सत्रात शेजारी द्यावी, आणि ‘दुबईवाला’, ‘भैया’, ‘मुंबईकर’ ही हाक वर्गात टोपणनाव म्हणून रुजण्याआधीच थांबवावी. टोपणनावाकडे मोठी माणसे गमतीने पाहतात. ज्याला ते चिकटते त्याला मात्र त्यातून रोज आठवण दिली जाते की तो इथला नाही.

वडील आखातात आणि बाकी कुटुंब गावी, ही रचना दासगाव-वहूरकडे इतकी रूढ आहे की तिच्यातला ताण नजरेस येत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी अशा स्थितीला संदिग्ध वियोग म्हटले आहे: माणूस शरीराने घरी नसतो, पण घरातल्या प्रत्येक निर्णयात असतो, त्यामुळे धड त्याच्या नसण्याचे दुःख करता येत नाही आणि धड त्याचे असणेही लाभत नाही. हा वियोग सुसह्य होण्यासाठी नियमितपणा उपयोगी पडतो. सौदी, कुवेत व कतारचे घड्याळ भारताच्या अडीच तास आणि अमिराती व ओमानचे दीड तास मागे असते, त्यामुळे वडिलांची पाळी सुटेपर्यंत लहान मूल झोपलेले असते. बहुतेक ठिकाणी शुक्रवारी सुट्टी किंवा अर्धी सुट्टी असल्याने आठवड्याचा तो एक फोन मुलाच्या नावाचा ठेवावा. त्या फोनवर गुणांची चौकशी आणि आईने केलेल्या तक्रारींचा निवाडा होऊ नये. ‘बाबा आले की सांगते’ हे वाक्य वर्षभर ऐकलेल्या मुलासमोर वडील महिनाभराच्या रजेवर येतात, तेव्हा ते एकाच वेळी पाहुणे आणि न्यायाधीश असतात, आणि त्या महिन्याचा अर्धा भाग दोघांचा एकमेकांना चाचपण्यात जातो. रजेवर येणाऱ्या वडिलांनी पहिल्या आठवड्यात घरातले कोणतेही नियम बदलू नयेत, ही सूचना किरकोळ वाटली तरी पाळून पाहण्यासारखी आहे.

आईच्या अवस्थेकडे तर मुलाइतकेही लक्ष दिले जात नाही. परदेशात लहान फ्लॅटमध्ये स्वतःच्या मर्जीने संसार करणारी स्त्री परतल्यावर सासरच्या मोठ्या घरात पुन्हा धाकटी सून होते, आणि तिच्या मुलांच्या सवयी, कपडे, जेवण, उशिरा उठणे हे सारे तिच्या वळणाचा पुरावा म्हणून मांडले जाते. मूल आईची बाजू घेते किंवा आजीची. कोणतीही घेतली तरी ते अडकते. वयात आलेल्या मुलीचा पेच आणखी घट्ट असतो. आखातात तिच्या बाहेर फिरण्यावर बंधने असतीलही, पण शाळेच्या बसपासून इमारतीच्या दारापर्यंत तिला कोणी ओळखत नसे, तर गावात प्रत्येक पाऊल कोणाची तरी नात म्हणून मोजले जाते. अशा घरांत नियम असू नयेत असे नव्हे. परंतु कोणता नियम का आहे ते तिला सांगितले गेले, काही नियमांवर तिचे म्हणणे ऐकून ते बदलले गेले, आणि तिच्या चुलत भावाला तोच नियम लागू आहे का या तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले, तर ती नियम अधिक सहजपणे पाळते. ज्या घरात हे घडत नाही तिथे मुली खोटे बोलायला शिकतात आणि त्याचा दोष परदेशावर ठेवला जातो.

मुंबईकर कुटुंबांतील मुलांचे दुखणे सौम्य दिसते, कारण भाषा तीच आणि गावाचे दार गणपतीला व शिमग्याला उघडेच असते. तरीही डोंबिवलीत जन्मलेल्या मुलाला गावी ‘मुंबईचा’ आणि मुंबईत ‘गाववाला’ म्हटले जाते, आणि त्याने पालखी नाचवावी, नमनाला बसावे, भावकीतली नाती तोंडपाठ म्हणून दाखवावीत, ही अपेक्षा परीक्षेसारखी पुढे येते. गावाची ओढ अशा परीक्षा घेऊन लागत नाही. मुलाला एखादे ठरावीक काम द्यावे, मग ते आरतीची वेळ सांभाळण्याचे असो की भाताच्या लावणीला चार दिवस हात लावण्याचे, आणि बाकी वेळ त्याला कंटाळू द्यावे. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी: गाव हे सर्वांनाच ऊबदार आठवत नाही. ज्या कुटुंबांच्या पूर्वजांना गावाने पाणवठ्यापासून लांब ठेवले, त्यांची मुंबईतली नातवंडे महाडला येतात ती बहुधा २० मार्चला, १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणासाठी चवदार तळ्यावर येतात, आणि त्यांच्यासाठी महाडशी नाते म्हणजे घराच्या ओट्यापेक्षा तो काठ आहे. अशा मुलाला ‘मुळे गावात असतात’ असे सांगण्यात अर्थ नाही. त्याने आपल्या घराण्याचा खरा इतिहास मोठ्यांकडून ऐकावा, हेच त्याच्या मनाला अधिक बळ देणारे आहे.

पोलादपूरच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांत मुंबईच्या या स्थलांतराची दुसरी बाजू दिसते. तिथे आईवडील मुंबईत आणि मूल आजीआजोबांजवळ असते, शाळेचा पट इतका कमी असतो की बरोबरीचे मूलच नसते, आणि मूल दहाबारा वर्षांचे झाले की पुढच्या शिक्षणासाठी मुंबईच्या एका खोलीत आईवडिलांकडे येते, जे तोवर त्याच्यासाठी सणाचे पाहुणे असतात. आजी सुटते ही गोष्ट मुलासाठी आई सुटण्याइतकीच मोठी असू शकते. त्यामुळे ‘आता आपल्या घरी आलास’ या वाक्यावर ते खूश होत नाही म्हणून आईवडिलांनी दुखावून जाऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, त्याच पावसात पोलादपुरातही दरडी कोसळून जीव गेले, आणि यांतल्या कित्येकांचे नातलग मुंबईत होते. दूर राहून आजोळ गमावणाऱ्या मुलाचे दुःख कोणाच्या मोजणीत येत नाही, कारण तो ‘तिथे नव्हता’. पावसाळा जवळ आला की अशा मुलाची झोप उडत असेल, तर त्याला त्या गावाविषयी, त्या माणसांविषयी बोलू द्यावे.

औद्योगिक वसाहतीत आणि बिरवाडीच्या परिसरात राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या मुलांवर एक वेगळे काम पडते. आईवडिलांना मराठी येत नाही, म्हणून दवाखान्यात, बँकेत, घरमालकाकडे आणि शाळेतही दुभाषी म्हणून मूलच उभे राहते. यातून मूल हुशार आणि जबाबदार होते हे खरे, पण आईच्या आजाराविषयी डॉक्टर काय म्हणाले किंवा भाडे थकल्याबद्दल घरमालक काय बोलला, हे मुलाच्या तोंडून जाऊ लागले की घरातले मोठेपण उलटे होते आणि चिंता वयाच्या आधी येते. दुकानातल्या व्यवहारापुरते मुलाने बोलावे. आजार, पैसा, भांडण आणि मुलाच्या स्वतःच्या प्रगतिपुस्तकाविषयीची चर्चा यांसाठी मोठा माणूस शोधावा. महाडमधील शिक्षक, परिचारिका आणि घरमालक यांना हिंदी समजते; त्यांनी दोन वाक्ये हिंदीत बोलल्याने मराठीचे काही बिघडत नाही आणि एका मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरते.

हे सर्व करूनही काही मुलांना तज्ज्ञांची मदत लागते. लहान मुलाचा मानसिक ताण शब्दांआधी शरीरातून बोलतो: तपासणीत काही न सापडणारी पोटदुखी-डोकेदुखी, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, झोपेत दचकणे. किशोरवयात उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते. आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, जेवण-झोप बिघडणे, मित्र टाळणे, ‘माझ्यामुळेच सगळे झाले’ असे म्हणणे, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि रोजच्या कामांत अडथळा येऊ लागला, तर वाट पाहू नये. मूल मरणाविषयी बोलले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर दोन आठवडेही थांबायचे नाही. त्याला सरळ आणि शांतपणे विचारावे, एकटे सोडू नये, घरातली औषधे व शेतातली कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोलिसांची भीती धरून अशी घटना लपवणारी घरे अजून आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे ही शासनाची जबाबदारी मानली आहे.

हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांत पहिली धाव भगताकडे, देवऋषीकडे किंवा ताविजासाठी जाते. ज्याने घरच्यांच्या मनाला धीर येतो त्याची टिंगल करण्याचे कारण नाही, पण त्यासाठी डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नये. आणि बाहेरची बाधा काढण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, उपाशी ठेवणे असे काही होत असेल तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय महाडपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असल्याने, आधी फोनवर बोलून मग प्रवास ठरवणे सोयीचे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते, तसेच संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाला न घेताही पालकाने स्वतःच्या शंकेसाठी फोन करायला हरकत नाही. तज्ज्ञाकडे जाताना मूल कुठे जन्मले, किती घरे व शाळा बदलली, घरी कोणती भाषा, वडील कुठे, परतण्याचे कारण काय, हे एका कागदावर लिहून न्यावे, कारण स्थलांतराची माहिती डॉक्टरांनी विचारली नाही आणि घरच्यांनी सांगितली नाही, तर ताणाचे मूळच तपासणीबाहेर राहते.

गणपतीच्या सुट्टीत गावोगावी ग्रामस्थ मंडळांच्या सभा होतात, आणि खाडीकाठच्या गावांत जमातीच्या बैठका होतात. रस्ता, सभामंडप, मशिदीची दुरुस्ती, पाण्याची टाकी हे विषय तिथे दर वर्षी असतात आणि असावेतही. यंदाच्या सभेत गावात बाहेरून किती मुले परतली किंवा नव्याने आली, ती कोणत्या शाळेत आहेत आणि त्यांच्या घरी जाऊन विचारपूस कोण करणार, हा विषय घेऊन दोन जबाबदार माणसांची, त्यांत एका स्त्रीची, नावे वहीत नोंदवावीत.